पहाट ते सांज : रुपेरी गाड्यांच्या युगाची गोष्ट

१/
२६ मे १९३४. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर. पहाटेचे पाच वाजून गेले आहेत. युनियन स्टेशनात तीन डब्यांची एक गाडी उभी आहे. तिला ना उंच धुराडे, ना कोळशाने भरलेले टेंडर, ना अंगावर रंग. उघड्या स्टेनलेस स्टीलची काया पहाटेच्या उजेडात चमकते आहे. दिवस मावळण्यापूर्वी तिला शिकागो गाठायचे आहे, १,६३३ किलोमीटर दूर, वाटेत कुठेही न थांबता.

२/
याच मार्गावर वाफेच्या इंजिनाची नेहमीची गाडी सुमारे २६ तास घेत असे. या नव्या गाडीने निम्म्या वेळाचा विडा उचलला होता. आत रेल्वेचे अधिकारी, अभियंते, वार्ताहर आणि शुभचिन्ह म्हणून घेतलेले 'झेफ' नावाचे एक गाढव असा सारा लवाजमा होता. गाडीचे नाव 'झेफिर', म्हणजे ग्रीक पुराणातील पश्चिमेचा वारा. गाढवाचे नाव त्यावरूनच.

३/
प्रवासाआधीच विघ्न आले. एक बेअरिंग तडकलेले आढळले आणि ते बदलण्याच्या धावपळीत निघण्याची वेळ सुमारे तासाभराने टळली. शिकागोत मात्र 'शतकाची प्रगती' या जागतिक प्रदर्शनाचा त्या वर्षीचा पहिला दिवस होता आणि संध्याकाळी ही गाडी तिथल्या रंगमंचावर अवतरणार, अशी जाहिरात झालेली. उशीर करणे परवडणारे नव्हते.

४/
एका गाडीसाठी एवढा आटापिटा का? कारण अमेरिकेतील प्रवासी रेल्वे अक्षरशः मरणपंथाला लागली होती.

१९२० साली अमेरिकन रेल्वेने सव्वाशे कोटींच्या आसपास प्रवासी वाहिले. १९३३ मध्ये ही संख्या साधारण त्याच्या एक तृतीयांशावर आली. १९२९ ची महामंदी हे एक कारण खरे, पण घसरण तिच्या आधीपासून सुरू होती. मोटारगाडी मध्यमवर्गाच्या दारात आली होती आणि पक्क्या सडका गावागावांत पोहोचत होत्या.

५/
त्या काळची अमेरिकन प्रवासी गाडी म्हणजे जडपणाचा कळस. अपघातात लाकडी डबे पेटत, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी पोलादी डबे आले. ते सुरक्षित होते, पण एकेका पुलमन शयनयानाचे वजन ८० टनांच्या घरात गेले. दोन डझन प्रवाशांना झोपवण्यासाठी ८० टन लोखंड ओढायचे! त्यासाठी अजस्र इंजिन, त्यासाठी डोंगरभर कोळसा, त्यासाठी मैलामैलांवर पाणी.

६/
शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी या लांबलचक नावाच्या रेल्वेचे (लोक तिला नुसते 'बर्लिंग्टन' म्हणत) अध्यक्षपद १९३२ मध्ये राल्फ बड यांच्याकडे आले. त्याच सुमारास फिलाडेल्फियात एडवर्ड बड नावाचे दुसरे एक गृहस्थ मोटारींच्या पोलादी सांगाड्यांचा कारखाना चालवीत होते. मंदीत मोटारींचा धंदा बसला होता आणि ते नव्या कामाच्या शोधात होते. सारख्या आडनावांमुळे इथे वाचकांचा नेहमी गोंधळ उडतो. एक रेल्वेवाला, एक कारखानदार, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

७/
एडवर्ड बड यांच्या हाती एक किमया होती. स्टेनलेस स्टील हलके असूनही बळकट आणि न गंजणारे, पण ते जोडायचे कसे? नेहमीच्या वेल्डिंगची आच लागली की जोडाजवळचा धातू आपला न गंजण्याचा गुणच गमावून बसे. त्यांच्या अभियंत्यांनी विजेचा अतिशय जोरकस, पण क्षणाच्या अंशापुरताच टिकणारा झटका देऊन टाके घालण्याची पद्धत काढली. धातू वितळून जुळे, आणि आसपासचा भाग बिघडण्याआधीच थंड होई. हिचे नाव 'शॉटवेल्ड'.

८/
या पद्धतीची करामत दाखवण्यासाठी त्यांनी १९३१ मध्ये चक्क स्टेनलेस स्टीलचे विमान बांधून उडवले होते. नंतर रबरी टायरांवर धावणारे रेल्वेडबेही बांधून पाहिले. ते फसले, कारण रबर रेल्वेचे वजन पेलेना. पण त्या फसलेल्या डब्यांची काया मात्र राल्फ बड यांच्या मनात भरली.

९/
काया मिळाली, आता हृदय हवे होते. ते १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात सापडले. जनरल मोटर्सच्या दालनात मोटारी जोडण्याचे प्रात्यक्षिक चाले आणि त्याला लागणारी वीज नव्या जातीची दोन डिझेल इंजिने पुरवीत. तोवरची डिझेल इंजिने जहाजात शोभतील इतकी अवजड असत. ही नवी इंजिने त्या मानाने लहान आणि हलकी होती.

१०/
ती धड चालत मात्र नसत. दिवसभर प्रदर्शन आणि रात्रभर दुरुस्ती, असा अभियंत्यांचा क्रम होता. या इंजिनातली बिनतक्रार चालणारी एकमेव वस्तू म्हणजे तेलाची पातळी पाहायची कांडी, अशी त्यांच्यापैकी एकाची थट्टा पुढे प्रसिद्ध झाली. तरीही राल्फ बड यांनी हेच इंजिन मागितले. ६०० अश्वशक्तीचे, आठ सिलिंडरांचे. डिझेलने जनित्र फिरवायचे आणि जनित्राच्या विजेने चाकांवरच्या मोटारी. अपुऱ्या सिद्ध झालेल्या यंत्रावर एका अख्ख्या रेल्वेची अब्रू लावण्याचा हा निर्णय धाडसाचा होता, की मंदीने आणलेल्या अगतिकतेचा, हे ठरवणे कठीण. बहुधा दोन्ही.

११/
एप्रिल १९३४ मध्ये झेफिर तयार झाली. तीन डबे, ७२ आसने, एकूण वजन सुमारे १०० टन. दोन डब्यांच्या मध्ये एकच सामाईक चाकांचा गाडा असल्याने वजन आणखी वाचले. तिचा आकार मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेच्या वातबोगद्यात तपासून घेतला होता. फावड्यासारखे उतरते नाक, गुळगुळीत बगला, झाकलेला तळ.

१२/
इथे 'स्ट्रीमलाइन्ड' या शब्दामागचे शास्त्र पाहायला हवे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती आठपट. म्हणून ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला नाकाचा आकार कसा का असेना, फारसा फरक पडत नाही. ताशी १५० ला मात्र इंजिनाचा फार मोठा वाटा केवळ हवा कापण्यात खर्ची पडतो.

१३/
हे ज्ञान नवे नव्हते, आणि अमेरिकेचे तर मुळीच नव्हते. जर्मनीत फ्रान्त्स क्रुकनबेर्ग यांनी मागे विमानाचा पंखा लावलेली रेल्वेगाडी बांधली होती, 'रुळांवरचे झेपेलिन'. २१ जून १९३१ रोजी तिने ताशी २३० किलोमीटरचा पल्ला गाठला. पण उघडा फिरणारा पंखा गर्दीच्या फलाटाशेजारून न्यायचा कसा, आणि मागे जादा डबे जोडायचे कसे? गाडी एकुलतीच राहिली आणि अखेर मोडीत निघाली.

१४/
तिच्यामागोमाग मे १९३३ मध्ये जर्मन रेल्वेने दोन डब्यांची डिझेल गाडी बर्लिन-हॅम्बुर्ग मार्गावर सोडली. २८६ किलोमीटर, १३८ मिनिटे. लोकांनी तिला 'उडता हॅम्बुर्गकर' म्हटले. रोजच्या वेळापत्रकात इतकी वेगवान गाडी तेव्हा जगात दुसरी नव्हती. अमेरिकन रेल्वेवाले या बातम्या बारकाईने वाचत होते.

१५/
आणि झेफिर ही अमेरिकेतलीसुद्धा पहिली नव्हे. तिच्या दोन महिने आधी, फेब्रुवारी १९३४ मध्ये, युनियन पॅसिफिक रेल्वेने एम-१०००० ही पिवळी-तपकिरी ॲल्युमिनियमची गाडी आणली. तिच्यात मात्र डिझेल नव्हते, ठिणगीवर चालणारे इंजिन होते. पहिलेपणाचा मान तिचा, पण लोकांच्या आठवणीत राहिली झेफिर. कारण, २६ मे.

१६/
तर पुन्हा त्या पहाटेकडे. शिकागोपर्यंतच्या मार्गावर शेकडो ठिकाणी रस्ते रूळ ओलांडत. प्रत्येक ठिकाणी रेल्वेचे कामगार, माजी सैनिक, बालवीर पहाऱ्याला उभे. शाळा सुटल्या, शेतातली कामे थांबली, गावेच्या गावे रुळांच्या कडेला येऊन उभी राहिली. रुपेरी रेघ क्षणात येई आणि क्षणात दिसेनाशी होई.

१७/
वाटेत एकदा सारे संपल्यातच जमा होते. एक दार विजेच्या तारेवर आपटले, आवरण फाटले, ठिणग्या आणि धूर. गोंधळात इंजिन बंद केले गेले आणि ते पुन्हा सुरू करणारी तारच जळालेली! गाडी स्वतःच्या वेगावर घरंगळत राहिली, वेग उतरत चालला. अखेर एका तंत्रज्ञाने तारेची तुटकी टोके हातांनीच जुळवून धरली. हात भाजले, पण इंजिन धडधडले. गाडी थांबली नाही.

१८/
शिकागो : १३ तास ५ मिनिटे. सरासरी वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटर, सर्वाधिक १८१. डिझेलचा एकूण खर्च वीस डॉलरांहूनही कमी. त्याच संध्याकाळी गाडी प्रदर्शनाच्या रंगमंचावर आली तेव्हा प्रेक्षक जागा सोडून तिला हात लावायला धावले. गाढवही सुखरूप पोहोचले.

१९/
पुढे काय झाले? ही विक्रमी गाडी नोव्हेंबर १९३४ पासून कॅन्सस सिटी, ओमाहा, लिंकन या साध्यासुध्या मार्गावर रुजू झाली. हॉलिवुडने 'द सिल्व्हर स्ट्रीक' नावाच्या चित्रपटात तिलाच नायिका केले. आणि मंदीने गांजलेले लोक पुन्हा तिकिटे काढू लागले, कुठे जायचे म्हणून नव्हे, तर झेफिरमध्ये बसायचे म्हणून.

२०/
यानंतर साऱ्या देशाला वेगाचे वेड लागले. शिकागो आणि मिनिआपोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांदरम्यान तीन रेल्वे कंपन्यांची १९३५ मधली चुरस म्हणजे या युगातला सर्वांत रंगतदार अध्याय.

बर्लिंग्टनने जुळ्या झेफिर उतरवल्या. मिलवॉकी रोडने 'हायवाथा' आणली, नारिंगी-करड्या झुलीतले वाफेचे इंजिन, जे रोज ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, ओलांडे. आणि तिसरी?

२१/
तिसऱ्या शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नने जुनेच इंजिन दुरुस्त केले, जुनेच जड डबे जोडले आणि या दोघींच्याही आधी, जानेवारीतच, 'फोर हंड्रेड' सुरू केली. साधारण ४०० मैल, साधारण ४०० मिनिटे. तिच्यावर झूल नाही, रुपेरी अंग नाही. इतिहासकार हिच्याकडे पुरेसे लक्ष देत नाहीत. नीट राखलेले रूळ, कमी थांबे आणि जिद्दीचे वेळापत्रक असले, तर गुळगुळीत नाकावाचूनही वेग साधतो, हे तिने दाखवले. गुळगुळीत नाक कशासाठी होते, याचा उलगडा तिथूनच होऊ लागतो.

२२/
कारण १९३६ नंतर कित्येक रेल्वे कंपन्यांनी सरळ मार्ग पत्करला. जुन्या वाफेच्या इंजिनावर पत्र्याचे घाटदार कवच चढवायचे, की झाली 'स्ट्रीमलाइनर'. कवचाखाली सारे जुनेच. यंत्रशाळेतले कामगार या कवचांवर वैतागत, कारण साध्या वंगणासाठीही पत्रे उघडावे लागत. दुसऱ्या महायुद्धात दुरुस्तीला वेळ उरला नाही, तेव्हा अनेक ठिकाणी हे पत्रे निमूटपणे काढून टाकले गेले.

२३/
याचा अर्थ सौंदर्य खोटे होते असा नव्हे. १५ जून १९३८ रोजी न्यूयॉर्क-शिकागो मार्गावर दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपापल्या नव्या गाड्या एकाच दिवशी सोडल्या. न्यूयॉर्क सेंट्रलची 'ट्वेंटिएथ सेंच्युरी लिमिटेड' हेन्री ड्रेफस यांनी घडवलेली. इंजिनापासून भोजनडब्यातल्या बशीपर्यंत आणि काड्यापेटीपर्यंत सगळे एकाच हाताचे. रात्री जेवणे आटोपली की त्याच भोजनडब्यातले दिवे बदलत आणि तिथे नाइट क्लब अवतरे. ग्रँड सेंट्रल स्थानकात प्रवाशांसाठी फलाटावर लाल गालिचा अंथरला जाई. पेनसिल्व्हेनिया रेल्वेची 'ब्रॉडवे लिमिटेड' रेमंड लोवी यांची. दोघींची वेळ सारखीच, १६ तास.

२४/
इंग्लंडची वाट निराळी. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य अभियंता नायजेल ग्रेस्ली जर्मनीत जाऊन 'उडता हॅम्बुर्गकर' पाहून आले. जर्मन कारखान्याने लंडन-न्यूकॅसलसाठी हिशेब करून दिला तो सव्वाचार तासांचा. ग्रेस्ली यांनी चार तासांची गाडी घरच्याच कोळशावर आणि वाफेवर काढली. सप्टेंबर १९३५ ची ती 'सिल्व्हर ज्युबिली'. तिच्या पाचरीच्या तोंडाच्या ए-४ इंजिनांपैकी 'मॅलर्ड'ने ३ जुलै १९३८ रोजी ताशी २०३ किलोमीटर गाठले. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही अबाधित आहे. त्या धावेत तिचे मोठे बेअरिंग तापून बिघडले आणि पुढचा प्रवास दुसऱ्या इंजिनाने केला, हे मात्र जाहिरातीत नव्हते.

२५/
आशियातही ही लाट पोहोचली, पण साम्राज्याच्या गणवेशात. जपानने ताब्यात घेतलेल्या मांचुरियात नोव्हेंबर १९३४ पासून 'आशिया एक्स्प्रेस' धावू लागली. दाल्यान ते आजचे चांगचुन, ७०१ किलोमीटर, साडेआठ तास. सर्व डबे वातानुकूलित! बळकावलेल्या भूमीवर आधुनिकतेचा हा देखावा जगासाठी मांडला होता.

२६/
मग हिंदुस्थानात? त्या दशकातली आपली अभिमानाची गाडी म्हणजे १ जून १९३० ची दख्खनची राणी. तिच्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडचे, वरची बांधणी माटुंग्याच्या कारखान्यातली आणि ओढणारे इंजिन विजेचे. ती 'स्ट्रीमलाइन्ड' नव्हती आणि तशी असण्याचे कारणही नव्हते. बोरघाटाचा चढ ३७ ला १. तिथे शत्रू हवा नव्हे, उतार-चढाव. नाक कितीही निमुळते केले तरी घाट त्याला भीक घालत नाही.

२७/
घाटदार नाक इकडे आले ते १९४७ मध्ये, अमेरिकेतूनच. बाल्डविन कारखान्यात घडलेली डब्ल्यूपी जातीची पहिली १६ इंजिने. बंदुकीच्या गोळीसारखे फुगीर तोंड आणि त्यावर चमकता तारा. बाल्डविनही फिलाडेल्फियाच्या परिसरातलाच, जिथे झेफिर जन्मली. पुढे या जातीची साडेसातशेच्या वर इंजिने झाली आणि कित्येक दशके मेल-एक्स्प्रेस गाड्या त्यांनी ओढल्या. ताशी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर धावणाऱ्या गाडीला त्या नाकाचा उपयोग किती, हा हिशेब क्रमांक १२ वरून ज्याने त्याने करावा. पण तो तारा पाहायला रुळांकाठी थांबणाऱ्या मुलांना या हिशेबाशी कर्तव्य नव्हते.

२८/
आता सुवर्णयुगाची दुसरी बाजू. ते सोने घासूनपुसून चमकवणारे हात कोणाचे होते?

पुलमन डब्यांतील सेवक जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय. बिछाने लावणे, बूट चमकवणे, रात्रभर घंटीवर हजर राहणे. प्रवासी त्यांना सर्रास 'जॉर्ज' म्हणत, कंपनीचा संस्थापक जॉर्ज पुलमन, म्हणून त्याचा सेवकही जॉर्ज. जुन्या गुलामाला मालकाच्या नावाने हाक मारावी, तसे.

२९/
१९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या सेवकांनी संघटना बांधली. बारा वर्षे कंपनीने दाद दिली नाही, शेकडो जणांना कामावरून काढले. अखेर २५ ऑगस्ट १९३७ रोजी करार झाला. महिन्याला ४०० तासांच्या घरात जाणारे काम २४० तासांवर आले. एका मोठ्या अमेरिकन कंपनीने कृष्णवर्णीयांच्या संघटनेशी केलेला हा पहिलाच करार. स्ट्रीमलाइनरच्या इतिहासात १९३४ जितके महत्त्वाचे, तितकेच १९३७.

३०/
आणि प्रवाशांचे काय? दक्षिणेकडच्या राज्यांत रुपेरी गाडीतही वर्णभेदाच्या भिंती होत्याच. १९४२ मध्ये एल्मर हेंडरसन हे कृष्णवर्णीय सरकारी कर्मचारी सदर्न रेल्वेच्या भोजनडब्यात गेले. पडद्याआडची, स्वयंपाकघराला लागून असलेली दोन टेबले 'त्यांच्यासाठी'; पण तिथेही गोरे प्रवासी बसलेले. हेंडरसन यांना जेवण मिळाले नाही. ते न्यायालयात गेले. ५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. एका जेवणासाठी आठ वर्षे लढा.

३१/
वेगाचा हिशेबही एके दिवशी चुकता करावा लागला. २५ एप्रिल १९४६, नेपरव्हिल, इलिनॉय. पुन्हा तीच बर्लिंग्टन रेल्वे. 'ॲडव्हान्स फ्लायर' गाडीच्या तळाशी काही बिघाड दिसला म्हणून ती अवचित थांबली. तिच्यामागे, त्याच रुळावर, अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने 'एक्स्पोझिशन फ्लायर' येत होती, ताशी १३० किलोमीटरच्या आसपास. सिग्नल दिसला, ब्रेक लागले, पण अंतर पुरले नाही.

३२/
४५ माणसे मृत्युमुखी पडली. उभ्या गाडीत जुन्या जड डब्यांच्या रांगेत एक नवा हलका भोजनडबा होता. तो दोन्ही बाजूंच्या वजनात सापडून वाकला आणि मृतांपैकी अनेकजण त्यातच होते. हलकेपणा हा या युगाचा मंत्र. पण हलके आणि जड एकाच माळेत ओवले तर काय होते, ते त्या दुपारी दिसले.

३३/
१९४७ मध्ये नियामक आयोगाने आदेश काढला. ताशी ८० मैल किंवा त्याहून अधिक वेगाने गाडी चालवायची, तर चालकाच्या कक्षात सिग्नल किंवा गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा हवीच. नियम रास्त होता. पण प्रवासी आधीच पुन्हा घटू लागलेले. हजारो मैलांवर ही यंत्रणा बसवण्यापेक्षा बहुतेक कंपन्यांनी वेगच ७९ मैलांवर, म्हणजे १२७ किलोमीटरवर, आणून ठेवला. अमेरिकेच्या बहुतांश मार्गांवर ही मर्यादा आजही तशीच आहे. १९३४ साली झेफिरने दिवसभराची सरासरी जवळजवळ तेवढीच राखली होती.

३४/
शेवटचा बहर सुंदर होता, यात शंका नाही. मार्च १९४९ मध्ये 'कॅलिफोर्निया झेफिर' निघाली. शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत, छतावर काचेचे घुमट असलेले पाच डबे घेऊन. वेळापत्रक असे बेतलेले, की रॉकी पर्वत आणि फेदर नदीची दरी दिवसाउजेडी पार व्हावी. वेगाच्या शर्यतीतून रेल्वेने जणू माघार घेतली होती; आता ती खिडकीबाहेरचे दृश्य विकत होती.

३५/
१९५६ मध्ये महामार्गांचा कायदा आला, १९५८ मध्ये जेट विमाने. १९६७ मध्ये टपाल खात्याने रेल्वेचे बहुतेक करार रद्द केले. कित्येक गाड्या प्रवाशांच्या तिकिटांवर नव्हे, टपालाच्या पैशांवर तग धरून होत्या, हे तेव्हा उघड झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लाल गालिचा शेवटचा गुंडाळला गेला. कॅलिफोर्निया झेफिर मार्च १९७० मध्ये थांबली. १ मे १९७१ पासून उरलेल्या बहुतेक गाड्या ॲमट्रॅक या सरकारपुरस्कृत महामंडळाकडे गेल्या.

३६/
गंमत अशी, की ज्या डिझेलने झेफिरला पळवले ते मात्र जिंकले. १९३९ मध्ये जनरल मोटर्सचे मालगाडी ओढणारे डिझेल इंजिन ११ महिन्यांत देशभर १,३४,००० किलोमीटर फिरून आले आणि वाफेचे दिवस भरले. दोन दशकांत अमेरिकेच्या मुख्य मार्गांवरून वाफ जवळजवळ नाहीशी झाली. प्रवासी गाड्या वाचवायला आणलेल्या यंत्राने मालवाहू रेल्वे वाचवली.

३७/
एम-१०००० चे काय झाले? १९४२ मध्ये ती मोडीत निघाली. युद्धाला ॲल्युमिनियम हवे होते.

मूळ झेफिर मात्र २६ वर्षे धावली. १९६० मध्ये ती निवृत्त झाली आणि शिकागोच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात दाखल झाली. आजही ती तिथेच आहे. तिला रंग देण्याची गरज कधीच पडली नाही.

३८/
त्याच संग्रहालयात आणखी एक जुने इंजिन आहे. न्यूयॉर्क सेंट्रलचे वाफेचे इंजिन क्रमांक ९९९. मे १८९३ मध्ये त्याने ताशी ११२.५ मैल वेग गाठल्याचा दावा होता. जाणकार तो आकडा मानत नाहीत. झेफिरने २६ मे १९३४ रोजी गाठलेला सर्वाधिक वेग किती होता? तोही ११२.५ मैलच.